जनरेटर घेतला, पण सांभाळला का?



गळीत हंगाम संपला की कारखान्याचे धुराडे थांबते, पण काम थांबत नाही. मिलचे रोलर बाहेर निघतात, बेअरिंग तपासली जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंपांचे पॅकिंग बदलते. पावसाळाभर हे ओव्हरहॉलिंग चालते. दसऱ्याच्या सुमारास आपण अग्निप्रदीपनाला जमतो, नारळ फुटतो आणि बॉयलर पेटतो. तो नारळामुळे पेटत नाही, पावसाळाभर झालेल्या कामामुळे पेटतो, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे. ओव्हरहॉलिंगला चार दिवस उशीर झाला तर वार्षिक सभेत आपणच उठून जाब विचारतो.

आता घरी या. पडवीच्या कोपऱ्यात खताच्या रिकाम्या पोत्याखाली पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर झाकून ठेवलेला असतो. कुणी लग्नकार्याच्या निमित्ताने घेतला, कुणी गोठ्यातल्या दूध काढायच्या मशीनसाठी घेतला. घेतल्यावर महिनाभर कौतुक झाले. मग लाईट बरी राहिली आणि यंत्र विसरले गेले. एके रात्री वादळात तारा तुटतात, पोरगा दोरी ओढतो, बाप ओढतो, शेजारचा पैलवान ओढतो. खांदे दुखतात, यंत्र काही बोलत नाही. "कंपनीच बोगस," असा शिक्का मारून पोते पुन्हा वर पडते.

माझे म्हणणे असे की, बंद पडलेल्या दहा जनरेटरांपैकी बहुतेक मोडलेले नसतात, उपाशी किंवा गुदमरलेले असतात. ज्या सभासदाला बैल सांभाळता येतो, त्याला हे यंत्रही सांभाळता येईल. फक्त ते कुणी नीट शिकवत नाही. हे काम आपल्या कारखान्याने अंगावर घ्यावे, यासाठी हा लेखप्रपंच.

कशासाठी, आणि कशासाठी नाही

पहिली गफलत खरेदीच्या वेळीच होते. "लाईट नसली की मोटार चालवू" अशा आशेने दोन केव्हीएचा जनरेटर घरी येतो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला चालताना सुमारे पावणेचार किलोवॅट लागतात. सुरू होतानाच्या क्षणी तर ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. शिवाय आपल्या विहिरीवरच्या मोटारी बहुतेक थ्री फेज आणि हे यंत्र सिंगल फेज. तेव्हा यातून उसाला पाणी मिळेल हे डोक्यातून काढून टाकावे. शेळीला नांगर जुंपून रान नांगरत नाही.

मग याचा उपयोग काय? भरपूर आहे. सहा एलईडी दिवे, तीन पंखे, एक टीव्ही आणि फ्रीज यांची बेरीज साडेपाचशे-सहाशे वॅटच्या आसपास जाते. फ्रीज सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो, तेही दोन केव्हीएचे यंत्र सोसते. गोठ्यातल्या एक हॉर्सपॉवरच्या दूध काढायच्या मशीनला मात्र जरा मोठे यंत्र, तीन केव्हीएच्या जवळपासचे, बघावे. कोणताही जनरेटर त्याच्या ताकदीच्या तीन चतुर्थांशापर्यंतच चालवावा. बैलगाडीत किती ऊस भरायचा हे आपल्याला समजते, तोच हिशेब इथे.

काही जण म्हणतील, इन्व्हर्टर आहे, सोलर आले, आता हे धुराचे यंत्र कशाला? रोजच्या दोन-तीन तासांच्या अंधाराला इन्व्हर्टरच बरा, यात वाद नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसकरी भावांनी काय सोसले ते त्यांना विचारा. दिवसच्या दिवस वीज नाही, आभाळ भरलेले, बॅटऱ्या उतरलेल्या. अशा वेळी ज्याच्या घरी चालते यंत्र होते, त्याच्या दारात अख्खी गल्ली मोबाईल चार्ज करायला येते. पुरातला जनरेटर हा एका घराचा नसतो, गावाचा असतो. म्हणून तो चालता ठेवणे ही नुसती घरगुती बाब नव्हे.

पेट्रोल शिळे होते

दूध नासते, ऊस तोडून दोन दिवस पडला तर वजन आणि उतारा घटतो, हे आपण जाणतो. पेट्रोलही शिळे होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. टाकीत महिना-दीड महिना पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट अंश राहतो. सर्वांत वाईट हाल कार्बुरेटरच्या खालच्या वाटीत होतात. तिथे पेट्रोल असते थोडेसेच. ते सुकून डिंकासारखा थर बसतो. जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे, ते बुजले की इंजिनाच्या तोंडाशी घास पोचत नाही. पैलवानाने दोरी ओढून काय होणार?

यावर उपाय फुकटचा आहे. काम झाले की इंजिन बटणाने बंद करण्याऐवजी पेट्रोलचा कॉक बंद करावा. वाटीतले पेट्रोल जळून इंजिन आपोआप थांबेल, मग बटण बंद करावे. महिन्यापेक्षा जास्त दिवस यंत्र लागणार नसेल तर टाकीही रिकामी करावी. काढलेले ताजे पेट्रोल मोटारसायकलमध्ये घालून टाकावे, म्हणजे नुकसान काहीच नाही. आणि महिन्यातून एकदा, अमावस्या धरा की पगाराचा दिवस धरा, दहा-पंधरा मिनिटे दोन पंखे लावून यंत्र चालवावे. नुसते रिकामे फिरवू नये, थोडा भार द्यावा.

इथेनॉलला दोष देण्याआधी

हल्ली एक बोलणे गावोगाव ऐकू येते. "पेट्रोलात इथेनॉल आलं आणि इंजिनांची वाट लागली." आपण ऊस उत्पादक. इथेनॉल हे आपल्याच रानातल्या उसाचे लेकरू. त्याची बाजू घ्यायची म्हणून खोटे बोलू नये, आणि कुणी बोट दाखवले म्हणून त्याला घराबाहेरही काढू नये. खरे काय ते पाहू.

देशात पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. कित्येक वर्षे तो रांगतच होता. २०१३-१४ साली मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२२ च्या जूनमध्ये ते १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. साखरेचे भाव पडले की कारखाने गाळात जायचे, त्यांना या इथेनॉलने हात दिला. आपल्या बिलातही त्याचा वाटा आहे.

आता दुसरी बाजू. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळी दमट हवेत टाकी अर्धवट भरून महिनोन् महिने ठेवली, तर पाणी ओढून घेतलेले इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसू शकते. इंजिन ओढते तळातूनच. मग ते कसे पेटणार? दुसरे, एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ताकद असते. त्यामुळे तेवढ्याच कामाला पेट्रोल थोडे जास्त लागते, आणि जुन्या कार्बुरेटरला मिश्रण पातळ पडून इंजिन जरा हिसके देते. तिसरे, जुन्या यंत्रातली रबरी नळी, वॉशर, कार्बुरेटरच्या सुईचे टोक हे नव्या पेट्रोलासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, त्यांना चिरा पडतात.

यातून निष्कर्ष काय? जुना जनरेटर असेल तर पेट्रोलची नळी आणि कार्बुरेटरचे रबरी भाग २० टक्के मिश्रणाला चालणारे घालून घ्यावेत. नवा घेताना तो या पेट्रोलावर चालतो का, हे पुस्तिकेत बघून घ्यावे. आणि पेट्रोल साठवून ठेवू नये. इथेनॉलचे पेट्रोल ताज्या भाजीसारखे, आणावे आणि वापरावे. दोष इथेनॉलचा थोडा आहे, आपल्या विसरभोळेपणाचा जास्त.

ऑईल, हवा आणि ठिणगी

हे इंजिन छोटे असले तरी राबते फार. आपली वीज ५० हर्ट्झची. ती मिळायला नेहमीच्या साध्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते आणि तासन् तास त्याच वेगाने फिरत राहते. मोटारसायकल उतारावर विश्रांती घेते, याला उतार नाही. आणि पोटातले ऑईल असते सुमारे अर्धा-पाऊण लिटर. तेव्हा ऑईल दर वेळी, यंत्र सपाट जागी ठेवून, सुरू करण्याआधी बघावे. नव्या यंत्राचे पहिले ऑईल २० तासांनी बदलावे, त्यात नव्या भागांचा लोखंडी कीस असतो. पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. तास कमी भरले म्हणून वर्षानुवर्षे तेच काळे ऑईल ठेवणे हा काटकसरीचा खोटा प्रकार आहे. काढलेले ऑईल ओढ्यात किंवा रानात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

एअर फिल्टरचा स्पंज ५० तासांनी साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, ऑईलचे दोन थेंब लावून पिळावा आणि बसवावा. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर धुरळा फार, तेव्हा आणखी लवकर. फिल्टर काढून यंत्र चालवणे म्हणजे सिलिंडरला वाळूने घासणे.

प्लग हा इंजिनाची जीभ आहे. वैद्य जीभ बघतो तसा प्लग काढून बघावा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर प्रकृती उत्तम. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणजे फिल्टर चोंदला किंवा चोक उघडायचा राहिला. ओला चकचकीत तेलकट असेल तर ऑईल वर येते आहे, कारागिराला दाखवा. पांढराफटक असेल तर इंजिन जादा तापते आहे. ठिणगीची फट साधारण पाऊण मिलिमीटर ठेवावी. प्लग स्वस्त असतो, एक नवा नेहमी घरात असावा.

सुरू होईना, तेव्हा क्रमाने बघा

आपल्याकडे यंत्र बिघडले की आधी पाना हातात येतो आणि मग डोके चालते. हे उलटे झाले पाहिजे. खालचा क्रम जनरेटरवर चिकटवून ठेवावा.

१) बटण चालूवर आहे का? कॉक उघडा आहे का? थंड इंजिनाला चोक लावला का? हसू नका, निम्मे रोग इथेच बरे होतात.

२) ऑईल बघा. बऱ्याच यंत्रांत ऑईल कमी झाले की ठिणगी तोडणारी सोय असते. यंत्र उताराला ठेवले तरी ती सोय ठिणगी तोडते. लोक कॉइल बदलत बसतात आणि हवे असते पावशेर ऑईल.

३) पेट्रोल किती दिवसांचे आहे? जुने असेल तर काढून ताजे घाला. वाटीच्या खालचा स्क्रू ढिला करून वाटीतलेही सोडा. स्क्रू ढिला केल्यावर पेट्रोल येतच नसेल तर कॉकची जाळी किंवा नळी तुंबली आहे.

४) प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी नाही किंवा चोक जास्त झाला. पुसून वाळवा, भोक उघडे ठेवून दोरी चार वेळा ओढा आणि परत बसवा. त्या वेळी जवळ विडी-काडी नको आणि सांडलेले पेट्रोलही नको. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही, जेट साफ करावा लागेल. जेटमध्ये दाभण किंवा पोलादी सुई घालू नका, भोक मोठे होते. हवेने फुंका किंवा वायरीतला तांब्याचा बारीक तंतू वापरा.

५) सुरू होते आणि पाच-दहा मिनिटांनी बंद पडते? टाकीचे झाकण ढिले करून बघा. झाकणातले हवेचे भोक बुजले असेल तर पेट्रोल खाली उतरत नाही.

६) चालते, पण आवाज वर-खाली होतो? बहुधा बारीक जेटमध्ये कचरा आहे. अशा वेळी गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवणारे 'तज्ज्ञ' गावात असतात, त्यांना चार हात लांब ठेवा. फेरे वाढले की हर्ट्झ वाढते, व्होल्टेजही बिघडू शकते, आणि टीव्ही-फ्रीज जळाले की तज्ज्ञ गायब होतो.

७) इंजिन चालते, पण वीज नाही? आधी त्याच्यावरचा ब्रेकर पडला आहे का बघा. भार काढा, ब्रेकर उचला. तरी वीज नाही, तर कार्बन ब्रश, व्होल्टेज सांभाळणारा भाग किंवा फार दिवस पडून राहिल्याने गेलेले चुंबकत्व, यांपैकी काही असेल. इथे आपले काम संपले. जाणकार वायरमनकडे न्यावे.

आणि दोरी ओढायचीही रीत आहे. आधी हळू ओढून जिथे अडते तिथे थांबावे, मग एका दमात ओढावी, आणि सोडताना हातानेच परत न्यावी. ही रीत समजली की घरातल्या बाईलाही यंत्र सुरू करता येते. लाईट जाते तेव्हा घरात बहुधा तीच असते. तेव्हा हे शिक्षण फक्त गड्यांसाठी नाही.

दोन गोष्टी जिवावरच्या

आतापर्यंतच्या गोष्टी खिशाच्या होत्या. पुढच्या दोन मात्र माणसाच्या आहेत, म्हणून कान उघडे ठेवून ऐका.

पहिली, धूर. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच जातो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची खूण. लोकांना वाटते जागरणाने किंवा पित्ताने झाले. पाऊस येतो म्हणून किंवा चोरी होईल म्हणून चालता जनरेटर पडवीत, बंद गोठ्यात, दुकानाच्या शटरआड ठेवणे म्हणजे घरात साप सोडणे. दार किलकिले ठेवले, खिडकी उघडली, एवढ्याने भागत नाही. यंत्र उघड्यावर, दार-खिडक्यांपासून वीसेक फूट लांब ठेवावे आणि वर पावसापुरते छप्पर करावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. कुणाला त्रास वाटला तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि तडक दवाखान्यात न्यावे. त्याच ओघात सांगतो, गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. दहा-पंधरा मिनिटे अंधारात बसल्याने कुणी मरत नाही.

दुसरी, उलटी वीज. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटात घालायची, ही युक्ती गावात फार चालते. मेन स्विच खाली केला नाही, तर ती वीज तारेवरून डीपीपर्यंत जाते. डीपी एरवी ११ हजार व्होल्टचे २३० करते, उलट्या वाटेने गेले की २३० चे हजारो करते. खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असे समजून हात लावतो. तो वायरमन आपल्याच एखाद्या सभासदाचा मुलगा असतो. "मी मेन बंद करतो की," असे म्हणणारा एखाद्या रात्री विसरतो, आणि विसरायला एकच रात्र पुरते. यावर उपाय चेंजओव्हर स्विच. त्यात एका वेळी एकच बाजू लागते, विसरायची सोयच नाही. तो वायरमनकडून बसवून घ्यावा, अर्थिंग नीट करून घ्यावे. ते जमत नसेल तर जनरेटरच्याच सॉकेटातून सरळ वायर घेऊन दिवे-पंखे लावावेत, घराच्या वायरिंगला हात लावू नये.

कारखान्याने काय करावे

"कारखान्याचे काम ऊस गाळायचे, जनरेटर दुरुस्तीचे खूळ कशाला?" असे काही जण विचारतील. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात पहिल्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. तेव्हापासून सहकारी कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, पाणी योजना केल्या. सभासदाचा संसार उभा राहिला तरच ऊस उभा राहतो, हा त्यामागचा विचार होता. मी मागतो आहे ते तर फार थोडे आहे.

एक, गळीत संपल्यावर मे महिन्यात प्रत्येक गट ऑफिसवर एक दिवसाचा वर्ग घ्यावा. सभासदांनी आपापले यंत्र ट्रॉलीत घालून आणावे आणि कारखान्याच्या वर्कशॉप व इलेक्ट्रिक विभागातल्या मंडळींनी त्यांच्याच हातून प्लग, फिल्टर, ऑईल आणि कार्बुरेटर साफ करून घ्यावे. भाषण नको, हात काळे झाले पाहिजेत.

दोन, प्रत्येक गटात आयटीआय झालेली दोन मुले निवडून त्यांना पुढचे काम शिकवावे. मजुरीचा दर ठरवून फलकावर लावावा. पोरांना काम मिळेल आणि सभासदाची तालुक्याची फेरी वाचेल.

तीन, प्लग, फिल्टरचा स्पंज, ऑईल आणि नव्या पेट्रोलाला चालणारी नळी कारखान्याच्या भांडारात रास्त दराने ठेवावी.

चार, पतसंस्था जनरेटरला कर्ज देत असेल तर चेंजओव्हर स्विचची रक्कम त्याच कर्जात धरावी आणि तो बसवल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये. ही अट काहींना जाचक वाटेल. खांबावर चढणाऱ्याच्या घरी विचारा, जाचक वाटणार नाही.

संचालक मंडळाने या चार सूचनांचा विचार करावा. वार्षिक सभेत हा विषय कुणी मांडला नाही तर मी मांडणार आहे. तोपर्यंत प्रत्येकाने एवढे करावे. हा अंक खाली ठेवला की कोपऱ्यातले पोते बाजूला करावे, टाकीचे झाकण उघडून आतल्या पेट्रोलचा वास घ्यावा. आंबूस, वार्निशसारखा वास आला तर ते आजच काढून टाकावे. पावसाळा काही आपल्याला विचारून येत नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद